९४४ हा आकडा कुणाचा? पावसाच्या नोंदींवर मालकी सांगता येते का?

मृदगंध
नमस्कार मंडळी,

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. हे दोन्ही आकडे हवामान खात्याच्या माणसांनी मोजले. आज ते वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, भाषणांत कुणाचीही परवानगी न घेता येतात आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

आता माझा प्रश्न. माझे बाबा निवृत्त शिक्षक आहेत. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी मी प्राथमिक शाळेत असल्यापासून त्यांनी अंगणात पर्जन्यमापक ठेवलेला आहे. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. आकड्यापुढे एखादी ओळही असते: "रात्रभर झड, पहाटे उघडीप", "पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी आलं", "तरवा (भाताची रोपं) पिवळा पडतोय", असं काहीबाही. वर्षाची मांडणी महिन्यांप्रमाणे नाही, पावसाच्या नक्षत्रांप्रमाणे आहे. मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राची बेरीज आणि खाली त्यांचा दोन-चार ओळींचा शेरा.

या सगळ्या वह्या टंकून मी जालावर ठेवल्या. लोकांनी वापराव्यात हाच हेतू होता. आता आंबा बागायतदारांना पैसे घेऊन हवामानाची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाने अख्खा तक्ता उचलून स्वतःच्या पानावर लावलाय. शेऱ्यांसकट. बाबांचं नाव कुठेही नाही. मी विचारलं तर एका ओळीत उत्तर आलं की आकडे कुणाच्या मालकीचे नसतात.

हे खरं आहे का? खरं असेल तर इतकी वर्षं रोज उठून मोजणाऱ्या माणसाच्या हाती काय उरतं?

सह्यभ्रमर
सरळ चोरी आहे. दुसरा शब्द नाही. नोटीस पाठवा.

आज्जीची_घागर
बाबांना नमस्कार सांगा. आमच्याकडे आजी अंगणातल्या घागरीत किती पाणी साठलं ते बघून "आज चार बोटं पाऊस" असं जाहीर करायची आणि अख्खी वाडी ते प्रमाण मानायची. :)

वकिली_बाणा
मृदगंधताई, मी नागपूरला वकिली करतो. बौद्धिक संपदेची प्रकरणं बऱ्यापैकी हाताळली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या संकेतस्थळाचं वाक्य अर्धं बरोबर आहे. ५ जुलैला तुमच्या अंगणात १४२ मिलिमीटर पाऊस पडला, ही घडलेली गोष्ट आहे. बाबांनी ती निर्माण केली नाही, नोंदवली. घडलेल्या गोष्टीवर कॉपीराइट मिळत नाही. कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा हक्क नाही, हक्क असतो तो त्यांच्या मांडणीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्वच्छ सांगून ठेवलंय. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातही रोजच्या बातम्या आणि किरकोळ तथ्यं संरक्षणाबाहेर ठेवली आहेत.

आता उरलेलं अर्धं. आपल्या १९५७ च्या कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येतच तक्ते, संकलनं आणि संगणकीय डेटाबेस येतात. म्हणजे सुटा आकडा मोकळा असला तरी आकड्यांचं संकलन ही साहित्यकृती ठरू शकते. कधी ठरते, हा खरा वादाचा मुद्दा. त्यावर आपल्याकडचा मुख्य निकाल १२ डिसेंबर २००७ चा आहे, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक. लखनौची ही प्रकाशन संस्था सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संपादित करून छापते. इतरांनी त्या मजकुराच्या सीडी काढल्या. न्यायालय म्हणालं की मूळ निकाल सगळ्यांचे आहेत. छपाईच्या चुका सुधारणं, विरामचिन्हं नीट करणं, संदर्भ जोडणं यात कष्ट असले तरी तेवढ्याने हक्क उभा राहत नाही. पण निकालाचे परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, कुठल्या न्यायाधीशाने सहमती दिली आणि कुणी वेगळं मत मांडलं ते टिपणं, याला कायदा समजावा लागतो, निर्णय घ्यावा लागतो. तेवढ्या भागाला संरक्षण मिळालं.

हेच तुमच्या वह्यांना लावून बघा. रोजचे आकडे तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहिले असतील तर हक्क सांगणं कठीण. बाबांचे शेरे मात्र, मग ते एका ओळीचे का असेनात, त्यांचं स्वतःचं लेखन आहे. सगळे शेरे एकत्र धरले तर माझ्या मते ती निःसंशय साहित्यकृती आहे आणि हक्क त्यांच्या हयातीत व नंतर ६० वर्षं राहतो. त्यासाठी नोंदणीची गरज नाही.

नक्षत्रांच्या मांडणीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. त्यावर नंतर लिहितो.

निफाडकर
वकीलसाहेब, छान समजावलंत. आमच्याकडचं उदाहरण देतो. लासलगावला कांद्याचे लिलाव होतात. किमान, कमाल आणि सरासरी भाव बाजार समिती फलकावर लावते, पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही येतो. दुपारपर्यंत तोच भाव शेकडो व्हॉट्सॲप गटांवर फिरतो. उद्या कुणी म्हणालं की हा भाव माझ्या मालकीचा, विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका, तर शेतकऱ्याने काय करायचं? ट्रॅक्टर भरून निघण्याआधी त्याला भाव कळलाच पाहिजे. माहिती अडवून ठेवली की मधल्यामध्ये कुणाचं फावतं ते आम्ही बापजाद्यांपासून बघतोय.

ताईंच्या बाबांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण आकडे मोकळेच असले पाहिजेत. त्यावर तडजोड नको.

सह्यभ्रमर
निफाडकर, भाव आणि पाऊस यांत फरक आहे हो. भाव बाजार समितीच्या कामकाजातूनच तयार होतो, फलकावर लिहायला वेगळे कष्ट नाहीत. इथे एका माणसाने भर पावसात छत्री धरून, स्वतःच्या पैशाने साहित्य आणून नोंदी केल्या. कष्टाचं मोल कायद्यात नसेल तर कायदा बदलायला हवा.

निफाडकर
कष्टाचं मोल द्या की. मी कुठे नाही म्हणतोय? मोल देणं वेगळं आणि आकड्याला कुलूप लावणं वेगळं.

टेक्सासकर
सह्यभ्रमर यांचा मुद्दा अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९१, फाइस्ट विरुद्ध रूरल. कॅन्ससमधल्या एका छोट्या टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांची नावं आणि नंबर यांची पुस्तिका काढली. फाइस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीला मोठ्या भागाची पुस्तिका काढायची होती. तिने परवानगी मागितली, ती नाकारली गेली, मग तिने नावं उचलली. खालच्या न्यायालयांनी रूरलच्या बाजूने कौल दिला. कष्ट केलेत तर हक्क मिळतो, ही समजूत तिथे बरीच वर्षं चालत आलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती मोडीत काढली. नावं अकारविल्हे लावण्यात कसलीच प्रतिभा नाही, आणि कॉपीराइट हे कष्टाचं बक्षीस नाही, असं न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलं.

गंमत म्हणजे नक्कल पकडली गेली ती चार खोट्या नावांमुळे. रूरलने यादीत मुद्दाम चार न अस्तित्वातले ग्राहक घातले होते, तेही फाइस्टच्या पुस्तिकेत जसेच्या तसे आले. नक्कल सिद्ध झाली आणि तरीही रूरल हरली.

जुगाडू
मग हाच उपाय करा ना ताई! मधेच एखाद्या दिवशी खोटा आकडा टाका. उन्हाळ्यात एप्रिलमध्ये कुठेतरी ३ मिलिमीटर. उचलला की रंगेहाथ पकडता येईल.

पाऊसवेडा
जुगाडू, कृपा करून हा सल्ला कुणी मनावर घेऊ नका. नकाशे काढणारे पूर्वी न असलेली गल्ली घालायचे, न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं अख्खं गाव घातलं होतं, हे मलाही माहीत आहे. पण पावसाच्या नोंदीत एक जरी आकडा मुद्दाम खोटा घातला तर सगळी वही संशयास्पद होते. हवामानशास्त्रात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. तुमच्या त्या ३ मिलिमीटरने एक पावसाचा दिवस वाढला. एप्रिलमध्ये झाडावर फळ असतं, तेव्हाचा पाऊस बागायतदारासाठी मोठी घटना आहे. उद्या कुणी संशोधक तीस वर्षांच्या अवकाळी पावसाचा कल काढायला बसला तर हा खोटा दिवस त्याच्या आलेखात जाऊन बसेल. एवढ्या नेकीने लिहिलेल्या वह्यांना हा डाग लावू नका.

नक्कल सिद्ध करायची तर शेरे पुरेसे आहेत. "तरवा पिवळा पडतोय" हे वाक्य त्या संकेतस्थळाच्या कुठल्या यंत्राने लिहिलं, ते विचारा.

मृदगंध
पाऊसवेडा, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. बाबांना असं काही सुचवायची माझी हिंमतही होणार नाही. एखाद्या दिवशी मोजता आलं नाही तर ते रकाना कोरा ठेवून शेजारी "नोंद नाही" असं लिहितात.

वानखेडेचा_गडी
क्रिकेटमध्ये यावर केवढा खटला झाला होता, आठवतंय का कुणाला? प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिनीने मोबाइल कंपन्यांना आणि धावफलकाच्या संकेतस्थळांना न्यायालयात खेचलं होतं. म्हणणं असं की आम्ही मंडळाला कोट्यवधी रुपये मोजलेत, तर चेंडूगणिक धावा एसएमएसवर पाठवायचा हक्कही आमचाच. आधी एका न्यायाधीशांनी पंधरा मिनिटं थांबून मगच धावा पाठवा असा आदेश दिला होता. पंधरा मिनिटांनी धावा कळून काय करायचं! विकेट पडून नवा फलंदाज चौकार मारून मोकळा झालेला असतो.

वकिली_बाणा
बरोबर आठवण. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३० ऑगस्ट २०१३ ला तो आदेश रद्द केला. सामना पाहून कळलेल्या धावा ही सार्वजनिक माहिती आहे, कॉपीराइट कायद्याने जे जाणीवपूर्वक मोकळं ठेवलंय त्यावर मागच्या दाराने हक्क उभा करता येणार नाही, असा त्याचा आशय. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. ताज्या माहितीला काही काळ राखून ठेवण्याची मूळ कल्पना अमेरिकेतली, १९१८ ची. पहिल्या महायुद्धाच्या बातम्या एका वृत्तसंस्थेने दुसरीच्या उचलल्या होत्या. तिथल्या न्यायालयाने ताज्या बातमीला स्पर्धकाविरुद्ध थोड्या काळापुरतं संरक्षण दिलं. आपल्या खंडपीठाने तो मार्ग स्वीकारला नाही.

निफाडकर
पंधरा मिनिटं उशिरा भाव सांगितला तर लासलगावात दंगल होईल. :)

तिथीमिती
पंचांगाचं काय? संकष्टीचा चंद्रोदय अमुक वाजता, हे गणित आहे. तेच गणित कुणीही केलं तरी तेच उत्तर येणार, पद्धत एकच असेल तर. कोलकात्याचं खगोल केंद्र राष्ट्रीय पंचांग काढतं आणि ते केंद्र हवामान खात्याच्याच अखत्यारीत आहे, हे या धाग्याच्या निमित्ताने सांगावंसं वाटलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी कुणाच्या बापाची नाही, मागच्या पानावरचा लेख मात्र लेखकाचा. माझ्या मते ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं आहे.

पाऊसवेडा
इतकं सोपं नाही तिथीमिती. चंद्रोदय गणिताने मिळतो, पाऊस मोजावाच लागतो. ज्या दिवशी कुणी मोजला नाही तो दिवस कायमचा गेला. कुठलंही गणित तो परत आणून देणार नाही.

आणखी एक गोष्ट. मोजलेला आकडा वाटतो तितका निव्वळ नसतो. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. हवामान खात्याचा दिवस साडेआठला उलटतो. हाच दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत धरला असता तर आकडा वेगळा आला असता आणि आज आपण सगळे तो वेगळा आकडा पाठ म्हणत असतो. म्हणजे पाऊस निसर्गाचा, पण "९४४" घडवण्यात माणसाचा निर्णय आहे. पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवायचं, झाडा-भिंतींपासून लांब ठेवायचं, हेही निर्णयच. मग हा आकडा नुसतं तथ्य कसा?

टेक्सासकर
फार चांगला मुद्दा. अमेरिकेत याच्या जवळ जाणारे खटले आहेत. जुन्या नाण्यांच्या घाऊक किमतींची यादी काढणाऱ्या एका प्रकाशनाला १९९९ मध्ये किमतींवर संरक्षण मिळालं. कारण त्या किमती कुठे घडलेल्या व्यवहारातून जशाच्या तशा उचललेल्या नव्हत्या. बरीच माहिती चाळून, काही सोडून, काही धरून तज्ज्ञाने स्वतःच्या अंदाजाने ठरवलेल्या होत्या. तर निफाडकरांचा आजचा भाव मोकळा, पण एखाद्या जाणकाराने पुढच्या महिन्यात कांदा कुठे जाईल याचा तक्ता मांडला तर तो त्याचा म्हणता येईल.

वकिली_बाणा
पाऊसवेडा, तुमचा प्रश्न तत्त्वज्ञानात खरा आहे, पण न्यायालयात टिकणार नाही. साडेआठची वेळ, ३० सेंटिमीटर उंची हे सगळ्या देशाचे ठरलेले नियम आहेत. ते पाळले म्हणून तर बाबांच्या आकड्याला किंमत आहे. जितकं काटेकोर मोजाल तितका तो आकडा "तुमचा" कमी होत जातो. अचूकतेचा गुण मालकीच्या आड येतो, हे मलाही अन्यायाचं वाटतं, पण उलट करून बघा. काटेकोर मोजणाऱ्याला आकड्याची मालकी दिली तर दुसऱ्या कुणी त्याच दिवशी त्याच गावात मोजून तोच आकडा छापला तर तो चोर ठरेल.

रोटरडॅमची_राही
इथे युरोपात सह्यभ्रमर यांच्या मनासारखा कायदा आहे. १९९६ च्या डेटाबेस निर्देशानुसार माहिती मिळवण्यात, तपासण्यात किंवा मांडण्यात भरीव गुंतवणूक केली असेल तर मांडणीत प्रतिभा नसली तरी १५ वर्षं संरक्षण मिळतं. मोठा भाग उचलता येत नाही. पण २००४ मध्ये युरोपीय न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतींच्या प्रकरणात त्याला मोठी कात्री लावली. शर्यत भरवणाऱ्या संस्थेने घोड्यांच्या याद्या स्वतःच तयार केल्या होत्या. न्यायालय म्हणालं की माहिती तयार करायला केलेला खर्च धरायचा नाही, आधीपासून असलेली माहिती गोळा करायला केलेला खर्च तेवढा धरायचा.

पाऊस कुणी तयार करत नाही. म्हणून मृदगंध यांचे बाबा इथे असते तर त्यांची बाजू भक्कम होती असं मला वाटतं. दुर्दैवाने हा हक्क युरोपीय संघातल्या रहिवाशांना आणि संस्थांनाच मिळतो, संगमेश्वरला पोचत नाही.

सह्यभ्रमर
बघा! म्हणजे असा कायदा करता येतो. आपल्याकडे का नको?

निफाडकर
कारण तो आला की पहिला फायदा ताईंच्या बाबांना होणार नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते सगळ्या तालुक्यांची माहिती गोळा करून १५ वर्षं धरून बसतील. आंब्याचा हवामान आधारित फळपीक विमा कसा चालतो बघा. तापमान, पाऊस, वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई. हा आकडा कुठून येतो? महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावरून. शेतकऱ्याच्या बागेत गारठा पडला आणि केंद्रावर तापमान मर्यादेच्या आत राहिलं, की भरपाई नाही. अशा वेळी शेतकऱ्याला ती नोंद बघता, तपासता, दुसऱ्या नोंदीशी ताडून बघता आली पाहिजे. मालकीच्या नावाखाली ती अडवली तर तो कशाच्या जोरावर भांडणार? ताईंच्या बाबांच्या वह्या अशा वेळी केवढा पुरावा ठरू शकतात, विचार करा.

हापूसवाली
निफाडकर शंभर टक्के बरोबर. माझी देवगडला बाग आहे. केंद्र आमच्यापासून डोंगरापलीकडे. दोन्हीकडचा पाऊस एक नसतोच. मृदगंध, तुझ्या बाबांसारखी माणसं प्रत्येक वाडीत असती तर आमची निम्मी भांडणं मिटली असती.

हळदीकुंकू
थोडं विषयांतर, पण जवळचं. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्यावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आई हळद दाबते, हे ज्ञान नवीन कसं? डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गिरगावात वाढलेले. संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील वैद्यकीय निबंध पुरावा म्हणून ठेवला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी आपली म्हणू नये, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मात्र लक्षात घ्या, घरोघरी माहीत होतं एवढ्याने भागलं नाही. लिहून ठेवलेला कागद लागला. वह्या ठेवणाऱ्यांचं मोल तिथे आहे.

वकिली_बाणा
हळदीकुंकू, पेटंट आणि कॉपीराइट हे वेगळे कायदे, पण तुमचा शेवटचा मुद्दा मोलाचा.

आता नक्षत्रांच्या मांडणीबद्दल. दोन दिवस डोक्यात घोळत होतं. पहिल्यांदा वाटलं होतं की महिने सोडून नक्षत्रं निवडली, ही बाबांची निवड आहे, म्हणून संरक्षण मिळेल. पण समोरचा वकील उभा राहून म्हणेल की महाराष्ट्रातला प्रत्येक शेतकरी पाऊस नक्षत्रांवरच सांगतो. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा म्हणणं हे लोकांचंच आहे. त्या क्रमाने तक्ता लावणं फोनबुकात नावं अकारविल्हे लावण्यासारखंच ठरेल. निव्वळ मांडणीवर दावा लावायला मी कुणाला सांगणार नाही.

पाऊसवेडा
इथे मी असहमत. हवामान खात्याची आकडेवारी महिन्यांनी किंवा आठवड्यांनी असते. रोजच्या मिलिमीटरच्या नोंदी नक्षत्रांत बसवून, प्रत्येकाची बेरीज काढून, त्याखाली पिकाची स्थिती जोडणं हे मी तरी फारसं कुठे पाहिलं नाही. शेतकरी नक्षत्रं बोलतो, पण मोजून मांडत नाही. या दोन गोष्टी एकत्र आणण्यात बाबांचं डोकं आहे. तुम्हीच सांगितलेल्या २००७ च्या निकालात परिच्छेद पाडण्याला संरक्षण मिळालं ना? निकालाचे परिच्छेद पाडणं जर पुरेसं, तर हे का नाही?

वकिली_बाणा
चांगला युक्तिवाद आहे आणि मृदगंधताईंचा वकील म्हणून मी तो जरूर करेन. आकडे, नक्षत्र आणि पिकाचा शेरा हे तिन्ही मिळून एक कृती, असं मांडलं तर बाजू बळकट होते. निव्वळ नक्षत्राच्या रकान्यावर उभी राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

ग्रंथपाल
मला श्रेयाबद्दल बोलायचंय. इतका वेळ सगळे हक्काबद्दल बोलतायत. आमच्याकडे ग्रंथालयात अभ्यासक येतात, आकडे उतरवून घेतात, आम्ही कुणालाच अडवत नाही. पण प्रबंधात स्रोत लिहिला नाही तर त्याला कुणी अभ्यासक म्हणत नाही. आकड्याखाली तो कुणी, कुठे, कशाने मोजला हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? संगमेश्वर तालुक्यात कुठेतरी १४२ मिलिमीटर, एवढ्याला काय अर्थ आहे? बाबांचं नाव काढून त्या संकेतस्थळाने स्वतःच्याच मालाची किंमत घालवली आहे. पैसे भरणाऱ्या बागायतदारांनी हे विचारलं पाहिजे.

हापूसवाली
विचारणार. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे पैसे भरतात तिथे.

वकिली_बाणा
श्रेयाबद्दल कायद्याची बाजू सांगून ठेवतो. कलम ५७ प्रमाणे लेखकाला आपलं नाव सांगायचा हक्क आहे, पण तो "कृती"च्या लेखकाला. सुट्या आकड्याला लेखक नसतो. म्हणजे पुन्हा आपण शेऱ्यांवरच येतो.

आणि पुढच्यासाठी एक मार्ग. माहिती सगळ्यांना उघडी न ठेवता अटी मान्य करणाऱ्यालाच दिली तर ज्याने अट मान्य केली त्याला करार बांधतो, मग आकड्यांवर कॉपीराइट असो वा नसो. गुप्त ठेवलेल्या याद्यांचंही तसंच. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याची ग्राहकयादी घेऊन गेलेल्या जुन्या नोकराला ती वापरायला मनाई केली होती. पण तुम्हाला वह्या लोकांसाठी खुल्या ठेवायच्या आहेत, तेव्हा हा मार्ग तुमच्या स्वभावात बसेल असं वाटत नाही.

मृदगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बाबांना पूर्ण वाचून दाखवला. निफाडकरांचा विम्याचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आकडे घेऊ देत, शेतकऱ्यांपर्यंत जात असतील तर चांगलंच आहे, पण माझी वाक्यं माझ्या नावाशिवाय छापायची नाहीत, आणि ठिकाण व मोजण्याची पद्धत लिहिल्याशिवाय आकडेही छापू नयेत. दुसरी गोष्ट कायद्याने मागता येणार नाही हे मी सांगितलं. ते म्हणाले, मग विनंती कर.

त्यामुळे ठरवलंय असं. आकड्यांचा तक्ता वेगळा करून कुणालाही वापरता येईल असा ठेवणार, सोबत पर्जन्यमापकाचं वर्णन, जागा, वेळ आणि "नोंद नाही" असलेल्या दिवसांची यादी. शेरे वेगळ्या पानावर, बाबांच्या नावाने, हक्क राखून. त्या संकेतस्थळाला शेऱ्यांसाठी नोटीस आणि आकड्यांसाठी विनंती. वकीलसाहेब, दोन्ही एकाच पत्रात लिहू का?

सह्यभ्रमर
माझं मत अजूनही बदललेलं नाही, आकड्यांचेही पैसे मिळायला हवेत. पण बाबांनी ठरवलंय तर त्यांचा मान.

वकिली_बाणा
एकाच पत्रात नको. नोटिशीत आकड्यांचा उल्लेखही करू नका, नाहीतर उत्तर फक्त त्या मुद्द्यावर येईल आणि शेरे बाजूला पडतील. त्यांच्या पानाचे छायाचित्र तारखेसकट आजच काढून ठेवा, वहीच्या त्याच पानांचे फोटो शेजारी लावा, आणि शब्दशः उचललेली निदान वीसेक वाक्यं क्रमाने द्या. पंधरा दिवसांची मुदत पुरे. विनंतीचं पत्र त्यांनी शेरे काढल्यावर किंवा नाव दिल्यावर पाठवा. मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो, फी नको.

पाऊसवेडा
आकड्यांचा तक्ता वेगळा होईल तेव्हा दुवा इथेच द्या. माझ्याकडे चिपळूणच्या नोंदी आहेत, त्याही याच पद्धतीने जोडतो. नक्षत्रांच्या बेरजा करताना सूर्याचा नक्षत्रप्रवेश दुपारी असेल तर तो दिवस बाबा कुठल्या नक्षत्रात धरतात, तेवढं विचारून सांगा.

मृदगंध
विचारलं. साडेआठनंतर प्रवेश असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलेलं पाणी नव्या नक्षत्रात धरतात. तक्त्याच्या माथ्यावर हे लिहिते.